काट्याला उंची कळत नाही

पनवेलला घेतलेलं वेफर्सचं पाकीट न फोडता लोणावळ्यापर्यंत आणलं, तर ते टम्म फुगलेलं असतं. आतली हवा तेवढीच आहे, बाहेरचा दाब उतरलाय: खाली साधारण १०१० हेक्टोपास्कल, घाटमाथ्यावर ९४०च्या आसपास. आता त्या पाकिटाला एक काटा जोडा आणि ते जितकं फुगेल त्याप्रमाणे तबकडीवर फूट लिहा. विमानातला अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, याहून फार वेगळा नसतो. पाकिटाच्या जागी नालीदार पातळ पत्र्याच्या दोन-तीन चपट्या डब्या असतात. त्यांच्यातली हवा जवळजवळ सगळी काढून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. डब्या ज्या बंद घरात बसवलेल्या असतात, त्या घरापासून एक नळी विमानाच्या कुशीतल्या छोट्या भोकापर्यंत जाते. हे भोक म्हणजे स्टॅटिक पोर्ट. विमान वर गेलं की घरातला दाब उतरतो, डब्या केसभर फुगतात, दातेरी चाकं ती हालचाल वाढवतात आणि काटा फिरतो.

म्हणजे यंत्राने मोजला तो दाब. उंची त्याने कधी पाहिलेलीच नाही. दाबावरून उंची काढायचं गणित कारखान्यातच त्या दातेरी चाकांत बसवून दिलेलं असतं. कॉकपिटमधल्या जवळपास प्रत्येक यंत्राची हीच तऱ्हा आहे: मोजायचं एक, दाखवायचं दुसरं, आणि मधे एक गृहीत धरायचं. यंत्र कधी फसवेल हे समजून घ्यायचं असेल, तर ते गृहीत कुठे मोडतं तेवढं शोधायचं. पाठांतर करून परीक्षा सुटते, पण ढगात शिरल्यावर पाठांतर आठवत नाही.

अल्टिमीटरचं गृहीत म्हणजे ‘प्रमाण वातावरण’. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, आणि वर जाताना दर हजार फुटांना साधारण २ अंशांची घट. अशी हवा पुण्याच्या आकाशात योगायोगानेच सापडते.

दाबाचा भाग आधी घेऊ. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९४२ फूट उंच आहे. प्रमाण वातावरणात त्या उंचीवर ९४४ हेक्टोपास्कल दाब असायला हवा. फोनमध्ये दाबमापक असेल तर पुण्यात तो साधारण याच भागातला आकडा दाखवतो, आणि हवामानाच्या बातमीत मात्र १००८ किंवा १०१२ असं काहीतरी सांगतात. दोन्ही बरोबर. बातमीतला आकडा ‘समुद्रसपाटीला उतरवलेला’ असतो, नाहीतर पुणे, मुंबई आणि महाबळेश्वर यांची तुलनाच करता येणार नाही. विमानतळही वैमानिकाला असाच उतरवलेला आकडा देतो, त्याला क्यूएनएच म्हणतात. अल्टिमीटरच्या तबकडीत एक छोटी खिडकी आणि बाजूला एक गुंडी असते. गुंडी फिरवून खिडकीत क्यूएनएच आणला, की जमिनीवर उभ्या विमानाचा काटा धावपट्टीची उंची दाखवतो: लोहगावला १९४२. पॉल कोल्समन यांनी १९२८ साली असा अचूक, दाब लावता येणारा अल्टिमीटर बनवला. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ला, जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून बाहेर न बघता उड्डाण करून विमान परत उतरवलं. ती खिडकी आजही कोल्समन विंडो म्हणूनच ओळखली जाते.

गुंडी फिरवायची राहिली तर काय होतं? थंडीतल्या कोरड्या दिवशी पुण्याचा क्यूएनएच १०१५ असू शकतो, पावसाळ्यात तो १००४ पर्यंत उतरतो. या उंचीवर एका हेक्टोपास्कलमागे काटा साधारण २८ फूट सरकतो. खिडकीत १०१५ आणि बाहेर १००४, म्हणजे ११ हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजे ३०० फूट. आणि चूक वाईट दिशेला आहे: काटा जास्त उंची दाखवतो, विमान त्याहून खाली असतं. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात जाताना गुंडीला हात लावला नाही, तर नेमकं हेच घडतं. काटा ३००० फुटांवर ठाम उभा आणि विमान हळूहळू उतरतंय, तेही वैमानिकाने सरळ उडवत असताना.

दुसरी एक चूक कानांची आहे. भारतात आणि युरोपात दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांमध्ये. अमेरिकेतला प्रमाण दाब २९.९२ इंच. बोलताना सुरुवातीचा आकडा गाळायची सवय असते. रेडिओवर ‘नऊ-नऊ-दोन’ ऐकू आलं, ते खरं तर ९९२ हेक्टोपास्कल होतं, आणि इंचांची सवय असलेल्या वैमानिकाने २९.९२ लावलं. फरक २१ हेक्टोपास्कल, सुमारे ६०० फूट. म्हणून आकड्यापाठोपाठ ‘हेक्टोपास्कल’ हा शब्द उच्चारणं ही औपचारिकता नाही.

ठरलेल्या उंचीच्या वर गेल्यावर मात्र सगळी विमानं खिडकीत १०१३ लावतात. खऱ्या उंचीशी त्याचं देणंघेणं नसतं. सगळे सारखेच चुकत असतील तर दोन विमानांमधलं हजार फुटांचं अंतर सांभाळलं जातं, एवढाच हिशेब.

आता तापमान. क्यूएनएच लावल्यावर धावपट्टीवर चूक शून्य होते, पण वर जाऊ तशी ती पुन्हा वाढते, कारण गरम हवा पसरलेली असते आणि थंड हवा दाटलेली. दर १० अंशांच्या फरकाला उंचीत साधारण ४ टक्के. मे महिन्यात दुपारी पुण्यात ४० अंश असतील, तर प्रमाण वातावरणापेक्षा हवा जवळपास २९ अंशांनी गरम आहे. काटा धावपट्टीच्या वर ५००० फूट दाखवत असेल तेव्हा विमान खरं तर साडेपाच हजारांच्या वर असतं. ही चूक आपल्या बाजूची. लडाखच्या हिवाळ्यात ती उलट होते आणि डोंगर काट्याच्या अंदाजापेक्षा जवळ येतो.

यंत्राच्या स्वतःच्या दुखण्यांत फार वेळ घालवण्यासारखं नाही. डबीचा पत्रा थोडा आळशी असतो. बराच वेळ एका उंचीवर राहून एकदम उतरलं, की तो पूर्ववत व्हायला वेळ घेतो आणि काटा मागे राहतो. स्टॅटिक पोर्टवरून वारा तिरका गेला की दाब थोडा चुकीचा पोचतो, त्याचा तक्ता विमानाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आणि जुन्या तीन काट्यांच्या तबकडीवर दहा हजारांचा काटा इतका किरकोळ असतो, की ३००० आणि १३००० यांत गल्लत करणाऱ्याला फार दोष देता येत नाही.

वेगाची दोन भोकं

वेगमापकात पण डबीच असते, पण ही बंद नसते. हिच्या आत वाऱ्याकडे तोंड करून बसवलेल्या नळीतली हवा येते आणि बाहेरच्या घरात स्टॅटिक पोर्टची. पुढून येणारा वारा नळीत अडकतो आणि दाब वाढवतो. आँरी पितो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीचा वेग मोजायला अशी नळी पाण्यात धरली होती, म्हणून ही पिटो ट्यूब. दोन दाबांमधला फरक वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. वेग दुप्पट, तर फरक चौपट.

हा फरक किती नाजूक असतो ते पाहा. समुद्रसपाटीच्या हवेत १०० नॉट्सला, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरला, तो फक्त १६ हेक्टोपास्कल असतो. ५० नॉट्सला जेमतेम ४. दहा-अकरा मजले लिफ्टने वर गेलं तर साधा हवेचा दाबच तेवढा उतरतो. पुढे येणाऱ्या सगळ्या भानगडींचं मूळ या तुलनेत आहे: उंचीमुळे होणारा दाबातला बदल वेगाच्या दाबापेक्षा फार मोठा असतो, त्यामुळे दोघांपैकी एक भोक बुजलं की उंची वेगाचं सोंग घेते.

समजा पिटोचं तोंड आणि तिचं पाणी निचरायचं बारीक भोक, दोन्ही १०० नॉट्सवर असताना बंद झाली. आत १६ हेक्टोपास्कलचा जादा दाब कोंडला गेला. विमान पुण्याच्या उंचीवरून हजार फूट वर चढलं, तर बाहेरचा दाब सुमारे ३३ने उतरतो. डबीला आता ४९चा फरक दिसतो. १६च्या तिप्पट फरक, म्हणजे वेग पावणेदोन पट: काटा १७५ नॉट्स दाखवतो. शिकाऊ विमानांमध्ये सर्रास दिसणाऱ्या सेसना १७२ एसची लाल रेघ १६३ला आहे. वैमानिकाला दिसतं की विमान मोडायच्या वेगाला पोचलंय. तो नाक वर करतो, विमान आणखी चढतं, काटा आणखी वाढतो, आणि खरा वेग मात्र स्टॉलकडे, म्हणजे पंख विमानाला पेलू शकत नाहीत त्या अवस्थेकडे, घसरत जातो. नुसतंच पुढचं तोंड बंद झालं आणि निचऱ्याचं भोक उघडं राहिलं, तर कोंडलेला दाब निघून जातो आणि काटा शून्यावर येतो. ही चूक सोपी, कारण ती लगेच ओरडते.

६ फेब्रुवारी १९९६ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले. कॅप्टनच्या बाजूचा वेगमापक खोटा वेग दाखवत होता. बुजलेल्या पिटोमागचं सर्वांत संभाव्य कारण म्हणून चौकशीत पुढे आलं ते मातीचं घरटं करणाऱ्या माशीचं नाव. आपल्याकडची कुंभारीण माशी आठवा. खिडकीच्या खाचेत, कुलपाच्या भोकात, बंद फ्लॅटमधल्या प्लगच्या छिद्रात ती दोन-चार दिवसांत मातीचा गोळा लिंपून जाते. उभ्या विमानाची पिटो तिच्यासाठी तयार घर आहे. म्हणून विमान दोन दिवस जरी उभं राहणार असलं तरी लाल फीत लटकवलेलं आवरण घालायचं. घातलं नाही, तर उडण्याआधी नळी तपासायची, पण तोंडाने फुंकून नव्हे. फुंकरीने डबीचा पत्राच कायमचा वाकतो.

स्टॅटिक पोर्ट बुजलं तर तीन यंत्रं एकदम आजारी पडतात. अल्टिमीटर आहे तिथे गोठतो. चढ-उताराचा काटा शून्यावर बसतो. वेगमापक उलट्या दिशेने फसवतो: चढताना कमी वेग दाखवतो, उतरताना जास्त. पुण्यातून १०० नॉट्सने चढलं तर पहिल्या ५०० फुटांतच तो शून्याजवळ येईल. २ ऑक्टोबर १९९६ला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या ७५७चं हेच झालं होतं. विमान धुताना पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. ७० जणांचा बळी घेणारी ती पट्टी रात्री बाहेरून पाहणी करतानाही नजरेतून सुटली. विमान धुऊन आलं असेल, तर त्या दिवशी पोर्टवर बोट ठेवून बघायचं; नजर पुरत नाही.

अशा वेळेसाठी छोट्या विमानांत पर्यायी स्टॅटिकची खटकी असते, ती केबिनमधली हवा यंत्रांना जोडते. केबिनमधला दाब सहसा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे उंची आणि वेग दोन्ही थोडे जास्त दिसतात. खटकी नसेल तर जुना उपाय आहे: चढ-उताराच्या यंत्राची काच फोडायची. तिघांत तेच सर्वांत कमी गरजेचं. त्या भेगेतून केबिनची हवा नळीत शिरते आणि बाकीचे दोन जिवंत होतात. काच फुटलेलं यंत्र मात्र त्यानंतर उलटं दाखवू लागतं, चढलं की उतार.

बर्फ हे या सगळ्याचं सर्वांत नेहमीचं कारण. पिटो विजेने तापवली जाते ती त्यासाठीच. १ जून २००९ला अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए३३० विमानाच्या तीनही पिटोंमध्ये बर्फाचे स्फटिक साचले आणि वेगाचे आकडे थोडा वेळ भरकटले. एका मिनिटाच्या आत ते पूर्ववत होऊ लागले, तोवर विमान स्टॉलच्या वाटेला लागलं होतं. २२८ जण गेले. वेगाचा काटा गेला तर करायचं काय, याचं उत्तर यंत्रांत नाही, सरावात आहे: इंजिनाची ठरावीक शक्ती आणि नाकाचा ठरावीक कोन ठेवला की विमान ठरावीक वेगानेच उडतं. आपल्या विमानाचे हे आकडे वैमानिकाला झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत.

यंत्र पूर्ण निरोगी असतानाही वेगाचा काटा एक गोष्ट दडवतो. त्याचं गृहीत समुद्रसपाटीच्या घनतेचं. हवा विरळ असेल तर तेवढाच दाब मिळवायला विमानाला जास्त जोरात पळावं लागतं. मे महिन्यातल्या दुपारी, क्यूएनएच १००४, तापमान ४०, अशा वेळी लोहगावची हवा ५७०० फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. तिथे काट्यावर ६५ नॉट्स आले तेव्हा खरा वेग ७१च्या आसपास असतो. पंखाला काट्यावरचा वेगच कळतो, त्यामुळे विमान बरोबर ६५लाच उचलायचं. धावपट्टीला मात्र खरा वेग लागतो, आणि लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. एवढ्यानेच धाव १८ ते २० टक्क्यांनी लांबते. इंजिन आणि त्याचा पंखा (प्रोपेलर) यांना कमी हवा मिळते तो तोटा वेगळा. ‘वेग तर नेहमीचाच होता, मग पट्टी का संपत आली?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

चढ-उताराच्या काट्याचा विषय तीन ओळींचा. स्टॅटिक हवा डबीत सरळ जाते आणि बाहेरच्या घरात एका अगदी बारीक छिद्रातून. विमान चढत असेपर्यंत घरातली हवा डबीच्या मागे पडते, तो फरक म्हणजे चढण्याचा दर. बारीक छिद्रामुळेच काटा सहा ते नऊ सेकंद उशिरा स्थिर होतो. त्याच्या मागे धावणारा विद्यार्थी विमान लाटेसारखं वरखाली करतो. ग्लायडरमध्ये हेच यंत्र जीव की प्राण असतं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुणेकरांना ग्लायडर नवा नाही. इंजिन नसलेल्या विमानाला तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा हुडकायची असते, त्यामुळे तिथला व्हेरिओमीटर कितीतरी जास्त तत्पर असतो. त्याची गोम वेगळी: दांडी नुसती मागे ओढली तरी वेग खर्चून ग्लायडर चढतो आणि काटा खुशाल ‘वर’ दाखवतो. वैमानिक याला ‘स्टिक थर्मल’ म्हणतात. खरी हवा आणि ही फसवणूक वेगळी करायला वेगाचा दाबही यंत्रात मिसळतात, म्हणजे वेग देऊन घेतलेली उंची वजा होते.

भोवरा आणि त्याचा हट्ट

जाळीवरून सुटलेला भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, मंदावला की डुलतो. फिरत्या वस्तूला आपल्या अक्षाची दिशा सोडायची नसते. आणि बळजबरीने ढकललं, तर ती ढकललेल्या दिशेला न झुकता फिरण्याच्या दिशेने ९० अंश पुढे झुकते. सायकलचं पुढचं चाक काढून आस दोन हातांत धरा, कोणाकडून तरी जोरात फिरवून घ्या आणि आस तिरकी करायचा प्रयत्न करा. चाक भलतीकडेच वळायला बघतं. विमानातली तीन यंत्रं याच दोन गुणांवर चालतात.

विमान किती कललंय आणि नाक किती वर-खाली आहे हे दाखवणारं यंत्र म्हणजे कृत्रिम क्षितिज. त्यातला भोवरा उभ्या अक्षाभोवती फिरतो, साधारण मिनिटाला दहा ते पंधरा हजार फेऱ्या. इंजिनाला जोडलेला पंप हवा ओढतो आणि तिच्या झोताने चाक फिरतं. सक्शनच्या काट्यावर साधारण ४.५ ते ५.५ इंच पारा दिसला पाहिजे. पण भोवऱ्याला ‘वर’ कुठे हे कोण सांगणार? त्यासाठी खाली छोट्या लोलकासारख्या झडपा असतात. भोवरा कलला की गुरुत्वाने झडप सरकते, हवेचा झोत एका बाजूने सुटतो आणि भोवरा सरळ होतो. गृहीत इथे लपलंय: लोलक लटकतो ती दिशा म्हणजे खाली. विमान वेग वाढवत असेल तर लोलक मागे ओढला जातो, झडपा भोवऱ्याला चुकीच्या ‘सरळ’कडे नेतात आणि यंत्र नाक थोडं वर दाखवतं. रात्री, समोर दिवे नसताना उड्डाण केलं, तर हे धोक्याचं आहे. नाक वर दिसतंय म्हणून खाली दाबलं, की जमीन जवळच असते. त्यात माणसाच्या कानातलं संतुलनही त्याच वेळी तीच चूक करतं, म्हणजे साक्षीदार दोन आणि दोन्ही खोटे.

हे यंत्र बंद पडणं जितकं वाईट, त्याहून ते अर्धवट चालणं वाईट. १ जानेवारी १९७८ला मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत बांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण होते, कोणी वाचलं नाही. रात्रीची वेळ, पुढे काळा समुद्र, क्षितिज नाही. उजवीकडे वळण घेतल्यानंतर विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं यंत्र उजवा कलच दाखवत राहिलं. ते सरळ करण्यासाठी विमान डावीकडे कलवलं गेलं, आणि कलतच गेलं. सहवैमानिकाचं यंत्र आणि तिसरं राखीव यंत्र समोर होतं. तिन्हींची तुलना करायला लागतात दोन सेकंद, पण आधी आपल्या समोरच्या यंत्रावर शंका यावी लागते.

छोट्या विमानात पंप बिघडला तर भोवरा एकदम थांबत नाही. तो काही मिनिटं मंदावतो आणि क्षितिज हळूच कलायला लागतं. म्हणूनच वळणदर्शक, म्हणजे टर्न कोऑर्डिनेटर, मुद्दाम विजेवर चालवतात. दोन यंत्रं हवेवर आणि तिसरं विजेवर, म्हणजे एकाच बिघाडात तिन्ही जात नाहीत. क्षितिज डावा कल दाखवतंय पण वळणदर्शकातलं छोटं विमान सपाट आहे आणि होकायंत्रही हलत नाही? दोन विरुद्ध एक. क्षितिजावर कागद चिकटवून ते झाकून टाकायचं, नाहीतर नजर सारखी तिकडेच जाते.

दिशादर्शक जायरोला, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या भोवऱ्याला, उत्तर कुठे हे ठाऊक नसतं. त्याला एकदा सांगायचं, मग तो धरून ठेवतो. पण तो धरतो अवकाशातली दिशा, आणि पृथ्वी त्याच्याखालून तासाला १५ अंशांनी फिरते. त्यातला अक्षांशाच्या साइनइतका भाग चूक म्हणून दिसतो. पुणे साडेअठरा अंशांवर, त्यामुळे इथे तासाला ४.८ अंश, लंडनला जवळपास १२. यंत्रातल्या एका छोट्या नटाने ही चूक भरून काढतात. तो नट लंडनसाठी लावलेला राहिला, तर पुण्यात यंत्र तासाला ७ अंश उलट्या बाजूला जाईल. शिवाय बेअरिंगचं घर्षण आहेच. म्हणून दर १०-१५ मिनिटांनी सरळ, स्थिर उडताना होकायंत्राशी मेळ घालायचा.

होकायंत्र बिचारं सर्वांत साधं आणि सर्वांत छळवादी. चुंबकाला पृथ्वीच्या क्षेत्राच्या रेषेत राहायचं असतं आणि ती रेषा उत्तर गोलार्धात जमिनीत घुसते. लंडनजवळ ६६ अंशांनी, पुण्यात पंचविसाच्या आसपास. चुंबक झुकू नये म्हणून तो वरच्या टोकावर टांगून तोलतात, आणि त्या तोलामुळेच कललं किंवा वेग बदलला की चकती भरकटते. पूर्व किंवा पश्चिमेला जाताना वेग वाढवला तर उत्तरेकडे वळल्यासारखं दिसतं, कमी केला तर दक्षिणेकडे. उत्तरेला वळताना आकडा येण्याआधीच वळण थांबवायचं, दक्षिणेला वळताना आकडा ओलांडून. पाश्चात्त्य पुस्तकांत या चुका फार मोठ्या दाखवलेल्या असतात. आपल्याकडे त्या सौम्य आहेत, कारण रेषा कमी झुकलेली आहे. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरकही पुण्यात एका अंशाहून कमी. इथे शिकलेला वैमानिक दूर उत्तरेला गेला की दोन्ही गोष्टी त्याला नव्याने शिकाव्या लागतात.

विमानातलं लोखंड आणि वायरी यांचाही चुंबकावर परिणाम होतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं होतं. विमानात तशी सोय नाही. मग इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून विमान एकेका ज्ञात दिशेला उभं करतात, पितळी स्क्रू-ड्रायव्हरने छोटे चुंबक जुळवतात आणि उरलेली चूक कार्डावर लिहून होकायंत्राशेजारी लावतात. त्याच जागी मोबाइल ठेवला, की कार्डाला अर्थ उरत नाही.

नव्या विमानांत या तबकड्यांच्या जागी पडदे आलेत. फिरत्या चाकांऐवजी लेसर किंवा चिपमधले सूक्ष्म संवेदक आहेत, दातेरी चाकांऐवजी संगणक. पण वेग आणि उंची यांची हवा अजूनही त्याच दोन भोकांतून येते. ए३३० हे पडद्यांचंच विमान होतं. जीपीएसचा वेग जमिनीवरचा असतो. पंखाला हवेतला लागतो, आणि मागून ३० नॉट्सचा वारा असेल तर दोघांत तेवढाच फरक पडतो.

बऱ्याच चुका जमिनीवरच पकडता येतात. क्यूएनएच लावून काटा धावपट्टीच्या उंचीपासून ७५ फुटांहून जास्त दूर असेल तर उडायचं नाही. चढ-उताराचा काटा शून्यावर. नसेल तर किती सरकलाय ते लक्षात ठेवायचं. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, डावीकडे वळलं, की दिशेचे आकडे कमी झाले पाहिजेत, वळणदर्शक डावीकडे आणि त्याच्या नळीतली गोळी उजवीकडे गेली पाहिजे, क्षितिज मात्र जागचं हलता कामा नये. मग धावपट्टीवर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवायची दांडी, पुढे. पहिल्या काही सेकंदांत नजर वेगमापकावर जाते, काटा खुंटीवरून उठतो आणि वैमानिक मोठ्याने म्हणतो, ‘एअरस्पीड अलाइव्ह’. काटा उठला नाही, तर थ्रॉटल मागे आणि ब्रेक. पुढे पट्टी शिल्लक असताना घेता येणारा हा निर्णय आहे. चाकं उचलल्यावर तोच प्रश्न हवेत सोडवावा लागतो.